तीन वाजल्यानंतरचं पाणी

आमच्या छापखान्यात टिंबकाकूंना खऱ्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. पगाराच्या कागदावर ते नाव असणार, पण तो कागद त्या चार घड्या घालून पर्समध्ये टाकायच्या आणि घरी गेल्यावर तो नवऱ्याच्या हातात जायचा. आमच्यासाठी त्या टिंबकाकू. मालकही तसंच म्हणायचे, यंत्रावरची माणसंही. काकूंची त्याला हरकत नव्हती. त्यांची कशालाच हरकत नसायची.

हे नाव पडलं जोडवाचनामुळे. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसरीनं पेन घेऊन छापील कागदावर ओळीखाली बोट फिरवायचं, असं ते काम. वाचणारीला नुसते शब्द वाचून भागत नाही, विरामचिन्हंही उच्चारावी लागतात. पूर्णविराम म्हणण्यात वेळ जातो, म्हणून टिंब. स्वल्पविरामाचं स्वल्प, अपूर्णविरामाची दोन टिंबं. कंस उघड, कंस बंद. नवा पॅरा. हल्ली एवढा उपद्व्याप कुणी करत नाही, पण आमच्या मालकांनी तो दोन कामांसाठी ठेवला होता: औषधांची माहितीपत्रकं आणि कायद्याचे कागद. पूर्वी कधीतरी एका कागदावर एका गोळीच्या दोन गोळ्या झाल्या होत्या. गठ्ठे बाहेर पडायच्या आत चूक सापडली, पण मालकांच्या पोटात जो गोळा आला तो आला.

वाचायच्या काकू, पेन माझ्याकडे. नऊ वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. त्यांचा वाचायचा आवाज इतका सपाट की लग्नाची पत्रिका वाचतायत की मृत्यूचा दाखला, ते कळू नये. मी पहिल्या दिवशी वाचायला घेतलं तेव्हा एका वाक्याला हसले आणि पुढची अख्खी ओळ खाल्ली. काकू म्हणाल्या, "अर्थाकडे बघू नकोस. अर्थात शिरलं की चूक सुटते. कागदाकडे बघ." बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक चूक सुटली नव्हती. आणि बावीस वर्षांत त्यांनी एकदाही शंका काढली नव्हती.

शंका म्हणजे काय ते सांगते. आम्ही मजकूर बदलायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम. मूळ प्रतीत सूर्य पश्चिमेला उगवत असेल तर छापतानाही तो तिकडेच उगवणार. फारच खटकलं तर समासात प्रश्नचिन्ह काढून त्याला गोल करायचा आणि शेजारी बारीक अक्षरात शंका लिहायची. तो कागद ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे परत जातो आणि ते उत्तर देतात. मी महिन्याला दहा शंका काढते, मालक मला शंकासुर म्हणतात. काकूंच्या नावावर शून्य.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. टेबलावर आमच्या दोघींचे पेले असायचे, मधे पाण्याचा जग. तीनचा ठोका पडला की काकू आपला पेला पालथा घालायच्या. त्यानंतर पाच वाजेपर्यंत घसा कोरडा पडून आवाज चिरका झाला तरी पाण्याचा थेंब नाही. चहाही नाही. मी म्हणायचे, "काय काकू, पाण्याची खिडकी बंद झाली वाटतं?" त्या म्हणायच्या, "झाली." मला वाटायचं, कसलासा पोटाचा त्रास असेल, नाहीतर बाईचं खूळ.

आणि दुसरी थट्टा माझीच, ती सांगायला आता जीभ रेटत नाही. माझी थोरली नणंद काकूंच्याच इमारतीत राहायची. तिनं मला सांगितलं की तुझ्या काकू रोज कामावरून आल्या की नवरा येईपर्यंत जिन्यात बसून राहतात, एवढं प्रेम. मी ते छापखान्यात रंगवून सांगितलं. त्यानंतर पाच वाजले की कुणीतरी म्हणायचंच, "निघा काकू, जिना वाट बघतोय." काकू पर्स उचलायच्या आणि निघायच्या. मला त्यावेळी माझ्या विनोदबुद्धीचं फार कौतुक होतं.

मग ते पत्रक आलं. कौटुंबिक हिंसेबद्दलचं, सरकारी संरक्षण अधिकाऱ्यांच्या कचेरीतून. एक पान, दुमडायचं, दहा हजार प्रती. कायद्याचा कागद, म्हणून जोडवाचन. दुपारी चारच्या सुमाराला आम्ही ते हातात घेतलं. काकूंचा पेला पालथाच होता.

"कायद्यानुसार कौटुंबिक हिंसेचे प्रकार. नवा पॅरा. शारीरिक हिंसा दोन टिंबं मारहाण करणे स्वल्प ढकलणे स्वल्प चावणे स्वल्प शरीराला वेदना होईल असे काहीही करणे टिंब नवा पॅरा."

माझं बोट ओळीखालून चाललं होतं. लैंगिक हिंसेचा परिच्छेद आला तेव्हा यंत्रावरचा माणूस उगाच उठून बाहेर गेला. काकूंचा आवाज तसाच. "शाब्दिक व भावनिक हिंसा दोन टिंबं अपमान करणे स्वल्प नावे ठेवणे स्वल्प मूल होत नाही किंवा मुलगाच होत नाही म्हणून हिणवणे स्वल्प जवळच्या माणसाला इजा करण्याची धमकी देणे टिंब नवा पॅरा. आर्थिक हिंसा दोन टिंबं पगार काढून घेणे स्वल्प घरखर्चाला पैसे न देणे स्वल्प राहत्या घराचा किंवा घरातील सोयींचा वापर करण्यास"

आणि काकू थांबल्या.

मी वर बघितलं. वाटलं, घसा बसला. त्या प्रतीकडे बघत होत्या, पण डोळे ओळीवरून पुढे सरकत नव्हते. मग त्यांनी हात पुढे केला. "पेन दे."

नऊ वर्षांत त्यांनी पेन मागितलं नव्हतं. मी दिलं. त्यांनी छापील कागद आपल्याकडे ओढला, समासात प्रश्नचिन्ह काढलं, त्याला गोल केला आणि त्यांच्या त्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलं: घराची किल्ली न देणे यात येते का?

मी म्हटलं, "काकू, ही शंका मजकुराबद्दल नाहीये."

"मजकुराबद्दलच आहे."

"अहो पण कुणाची किल्ली?"

"माझी," काकू म्हणाल्या. "पुढे वाचू?"

त्यांनी पुढे वाचलं. अडवणे टिंब. नवा पॅरा. पत्ता, फोन क्रमांक, सगळं. माझं बोट कागदावर होतं, पण त्या परिच्छेदात दोन चुका माझ्या नजरेतून सुटल्या. दुसऱ्या दिवशी त्या काकूंनीच दाखवल्या.

पाच वाजता मी त्यांच्याबरोबर निघाले. नणंदेकडे काम आहे म्हणून थाप मारली, त्यांनी काही विचारलं नाही. जिना अरुंद, भिंतीला खांद्याच्या उंचीपर्यंत तेलकट रंग. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार. ओढलं की आपोआप बंद होणारं कुलूप, आतून नुसता खटका, बाहेरून किल्ली लागते. काकू दारासमोरच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या. त्या पायरीचा कडेचा दगड इतर पायऱ्यांपेक्षा गुळगुळीत झाला होता. मी शेजारी बसले.

त्यांनी सांगितलं ते पत्रकासारखंच, एका सुरात. लग्नानंतर चौथ्या महिन्यात त्यांच्या हातून किल्ली हरवली, बाजारात कुठेतरी पडली. नवऱ्यानं कुलूप बदललं. नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या आणि दोन्ही त्यांच्या जुडग्यात गेल्या. ते एका मोठ्या कारखान्यात भांडारप्रमुख, दोनशे कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस. "किल्ली सांभाळणं हे शिस्तीचं काम आहे, तुझ्यानं व्हायचं नाही," असं म्हणाले. काकूंनी दोनदा मागून बघितली. एकदा त्या वर्षी, एकदा मुलगी झाल्यावर. तिसऱ्यांदा मागितली नाही.

"मग मुलगी?"

"शाळेतून यायची, इथंच बसायची. गणितं इथंच सोडवायची. आता नोकरीला परगावी आहे. तिनं भाड्यानं घर घेतलं तेव्हा पहिल्या दिवशी तीन किल्ल्या करून घेतल्या. राहते एकटीच."

"ते येतात कधी?"

"आठाला. सहाला सुटतात, मग मित्रांकडे बसतात."

मी हिशेब केला. साडेपाच ते आठ. मग मला एकदम सुचलं ते विचारलं. "आणि बाथरूमला जायचं झालं तर?"

"म्हणून तर तीननंतर पाणी नाही," काकू म्हणाल्या.

त्याच पुढे बोलल्या. "पहिली काही वर्षं मी शेजारी जायचे. मग ह्यांना कळलं. घरची अब्रू लोकांच्या संडासात नेऊन ठेवतेस का, म्हणाले. त्यानंतर नाही गेले. सवय होते गं. शरीर ऐकतं."

मला राग आला, आणि राग कुणाचा तेही नीट कळेना. नऊ वर्षं त्या पालथ्या पेल्यासमोर बसून मी विनोद करत होते. लोक जिन्यातून जात-येत होते. एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर जाताना हसून म्हणाली, "आज वाट बघायला सोबत आहे वाटतं!" काकूही हसल्या. इतकी वर्षं त्या असंच हसत आल्या असणार.

आठाला दहा कमी असताना नवरा आला. मला वाटलं होतं कुणीतरी राक्षस येईल. आले ते एक टापटीप गृहस्थ, पांढरा सदरा, कंबरेला जुडगा. मला बघून म्हणाले, "अरे वा, पाहुण्या! बाहेर का बसलात? या, आत या." दार उघडायला त्यांना एक क्षण लागला. किल्ली बघावीही लागली नाही, बोटांना ठाऊक होती. काकू माझ्याकडे न बघता आत गेल्या, सरळ बाथरूमच्या दिशेनं. "चहा टाकतेस ना?" नवऱ्यानं मागून विचारलं. आवाजात कुठेही खोट नव्हती. मी चहा न घेता निघाले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तो समास बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काकू, हे काय?"

"शंका," काकू म्हणाल्या.

मालक तोंडानं फटकळ पण नियमाचे पक्के. शंका आली की ती जाणार. कागद कचेरीत गेला आणि चार दिवसांनी परत आला. काकूंच्या प्रश्नाखाली हिरव्या शाईत उत्तर होतं. मूळ प्रतीच्या जागी आता तेच वाचायचं होतं, म्हणून काकूंनी वाचलं.

"होय टिंब. आर्थिक हिंसेत येते टिंब. ती राहते त्या घरात तिला जाण्यायेण्यापासून अडवणे हीसुद्धा हिंसा आहे टिंब. कृपया उदाहरण म्हणून मजकुरात घालावे दोन टिंबं घराची किल्ली न देणे टिंब. नवा पॅरा. ही शंका ज्यांनी विचारली त्यांना मंगळवारी दुपारी कचेरीत भेटायला सांगावे टिंब."

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आर्थिक. मला वाटलं कुठेच बसणार नाही. मारत तर नाहीत."

तो मंगळवार गेला. पुढचाही गेला. पत्रक छापून झालं, दहा हजार कागदांवर काकूंची किल्ली छापून गठ्ठे बांधून गेले. काकू रोज तीन वाजता पेला पालथा घालत होत्या आणि मी रोज तोंडात आलेलं गिळत होते. एकदा मात्र फुटलेच. म्हटलं, "काकू, दहा हजार बायकांना तुम्ही सांगितलंत, स्वतःला कधी सांगणार?" त्या कागद सारखे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांनी दार बंद केलं आणि उघडलंच नाही तर? आत्ता निदान आठाला उघडतं." त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला खरंच माहीत नाही.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली. मला म्हणाल्या, "तू चल. मला वाचायची सवय आहे, सांगायची नाही."

संरक्षण अधिकारी एक मध्यमवयीन बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, टेबलावर आमचंच पत्रक. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि एकेक विचारत गेल्या.

"मारतात का?"

"नाही."

"उपाशी ठेवतात?"

"नाही."

"शिवीगाळ?"

"तशी नाही."

"मग काय करतात?"

काकूंनी थोडा विचार केला. "येतात," त्या म्हणाल्या. "आठाला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग पाण्याचं त्यांनीच विचारलं, कसं सुचलं कुणास ठाऊक. तुम्हाला दिलेलं पाणी तुम्ही का घेत नाही, म्हणाल्या. तेव्हा साडेतीन वाजले होते. काकूंनी सांगितलं. बाईंनी ते जसंच्या तसं फॉर्मवर लिहिलं, शब्दही बदलला नाही. पगार नवऱ्याच्या हातात जातो तेही लिहिलं, संडासातल्या अब्रूचंही. एका बाईच्या सव्वीस वर्षांना दोन पानं लागली.

पुढे नोटीस, तारीख, पुन्हा तारीख. त्या पाच महिन्यांत नवऱ्यानं काकूंशी बोलणं टाकलं. दार मात्र आठालाच उघडत होतं, एखाद्या दिवशी साडेआठालाही. काकू कामावर येत, वाचत, पेला पालथा घालत. छापखान्यात जिन्याचं नाव कुणी काढत नव्हतं. मी सगळ्यांना दम भरला होता, पण आपल्याच पापाचा दम दुसऱ्याला भरण्यात काही शौर्य नव्हतं.

न्यायाधीशांसमोर नवरा शांतपणे म्हणाला, "एवढंच? किल्लीसाठी एवढा तमाशा? मागितली असती तर दिली असती."

"दोनदा मागितली होती," काकू म्हणाल्या. त्याच सपाट आवाजात. पुढे टिंब म्हणतात की काय असं मला वाटलं.

आदेश झाला. घरात राहण्या-येण्याला अडवायचं नाही, कुलूप बदलायचं नाही, एक किल्ली आठ दिवसांत द्यायची, पगार तिच्या खात्यात. नवऱ्यानं तिथंच जुडग्यातून किल्ली काढली. कडी घट्ट होती, वेळ लागला. किल्ली त्यांनी काकूंच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. काकूंनी ती उचलून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.

त्या संध्याकाळी मी बरोबर गेले. काकू तिसऱ्या पायरीवर थांबल्या, बसायला वाकल्यासुद्धा, मग आठवण होऊन सरळ झाल्या. किल्ली कुलपात घातली आणि हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, भरून आलं असेल. तसं काही नव्हतं.

"कुठल्या बाजूला फिरवायची?" त्यांनी विचारलं.

सव्वीस वर्षं राहत असलेल्या घराचं कुलूप कुठल्या बाजूला उघडतं, हे त्यांना माहीत नव्हतं. नवऱ्याच्या पाठीमागे त्या उभ्या असायच्या, त्याच्या हातापुढे काही दिसत नसे. आम्ही आधी उजवीकडे फिरवून बघितली. मग डावीकडे. उघडलं.

काकू आत जाऊन खुर्चीवर बसल्या. पर्स मांडीवर, पाहुण्यासारख्या. पावणेसहा वाजले होते. "आता काय करतात या वेळेला?" त्या म्हणाल्या. आम्ही दोघी बसून राहिलो.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवसापासून सगळं बदलेल. काही बदललं नाही. तीन वाजले, पेला पालथा. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच, त्या आठवड्यातही तेच. मी एकदा हळूच म्हटलं, "काकू, आता किल्ली आहे." त्या म्हणाल्या, "हो, आहे की." आणि पुढे वाचायला लागल्या. तहान लागते का, असंही मी विचारलं. "कळत नाही," त्या म्हणाल्या. शरीराला इतकी वर्षं ऐकायला लावलं होतं. आता बोल म्हटलं तर ते लगेच कुठून बोलणार? मी जग भरून मधे ठेवायचे आणि संध्याकाळी तो तसाच रिकामा करायचे.

किल्ली मिळून सात आठवडे झाले होते. चार वाजून गेलेले, समोर औषधाचं माहितीपत्रक, खोकल्याच्या औषधाचं. माझं बोट ओळीखाली. काकू वाचत होत्या.

"मोठ्या माणसांनी दोन चमचे स्वल्प दिवसातून तीन वेळा स्वल्प"

आणि थांबल्या. मधेच, स्वल्पविरामावर. त्यांनी पेला सुलटा केला, जगातून काठोकाठ भरला आणि प्यायल्या. न थांबता, घोट ऐकू येतील अशा. पेला खाली ठेवला, पुन्हा भरला, तोही प्यायल्या. थोडं पाणी हनुवटीवरून त्यांच्या मूळ प्रतीवर सांडलं. बावीस वर्षांत त्यांच्या कागदावर डाग पडलेला नव्हता. त्यांनी तो पदरानं टिपला नाही, काही नाही.

"कुठं होतो आपण?" त्यांनी विचारलं.

माझं बोट केव्हाच ओळीवरून निघालं होतं.